मांजराचा ताप आणि आपली गोळी

बेलपाड्यातील माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळी स्वतःच्या गुडघ्यांबरोबर घरच्या मांजराचीही तक्रार सांगतात : ‘अंग तापलं आहे, अर्धी पॅरासिटामॉल देऊ का?’ देऊ नका. मी माणसांचा डॉक्टर. तरी या एका प्रश्नाचे उत्तर निःसंकोच देतो.

मुळात तो बहुधा तापच नसतो. कुत्र्या-मांजरांचे स्वाभाविक तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. आपल्या तळहाताला ते कढत लागणारच. पॅरासिटामॉल निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता मात्र अत्यंत तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा सुजतो. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक देणेही असेच घातक. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. (डायक्लोफिनॅकची जनावरांसाठीची औषधे आपल्याकडे २००६ मध्ये बंद झाली, ती मेलेली गुरे खाऊन गिधाडे मरू लागल्यामुळे.)

तेव्हा गोळ्यांची डबी उशाशी उघडी ठेवू नये. गोळी खाली पडली आणि वाकवत नसेल, तर कोणाला तरी हाक मारावी. मांजर दुखणे लपवते. त्याने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकांना दाखवावे. बोक्याला कुंथूनही लघवी होत नसेल, तर रात्र उलटू देऊ नये. गोळी पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट पाहू नका, मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. गोळीचे पाकीट घेऊन तडक निघा.