पहिल्या होडीत कोण बसणार?

आप्पांना जहाजाच्या सफरीला न्यायचं ठरलं, तेव्हा घरात वाद झाला तो खोलीवरून. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. मायामीहून कॅरिबियनला जाणाऱ्या एका मोठ्या जहाजाची तिकिटं त्यानेच काढली आणि काढताना कॉन्सिअर्ज वर्गातला स्वीट घेतला. भाडं साध्या खोलीच्या जवळजवळ तिप्पट. एवढा थाट कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "थाटासाठी नाही घेत, ताई. तिथे एक माणूस मिळतो. त्याच्यासाठी घेतोय."

आप्पा त्र्याऐंशीचे. मालवणचा जन्म, नोकरी सगळी मुंबईत. गुडघे गेलेले, डाव्या कानाने ऐकू येत नाही, जेवणाआधी इन्सुलिन. अशा माणसाला पाच हजार प्रवाशांच्या जहाजावर न्यायचं म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं तर पाव किलोमीटरच्या वर. दुपारी बुफेला रांग, लिफ्टपुढे घोळका, आणि कुठलीही शंका विचारायला गेलं की उत्तर एकच: ॲपवर बघा. आप्पांच्या फोनवर ॲप नाही. त्यांचा फोन बटणांचा आहे.

कॉन्सिअर्जची व्यवस्था अशी: वरच्या मजल्यावर एक वेगळं दालन, तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी माणसं, आणि त्यांच्याकडे मोजक्या खोल्या. जहाजावर चढवणं, जेवणाचं टेबल, किनाऱ्यावरची सहल, डॉक्टरांची वेळ, सगळं तीच माणसं बघतात. आमच्या वाट्याला आलेली बाई मनिलाची होती, तिशीतली. पहिल्या दिवशी ती आप्पांशी पाच-सात मिनिटं बोलली असेल. बोलताना आप्पा मान वळवून उजवा कान पुढे करत होते. दुसऱ्या दिवसापासून ती येऊन उभी राहायची ती त्यांच्या उजव्या हाताला. आम्ही काही सांगितलं नव्हतं. इन्सुलिनचं मात्र सांगितलं होतं, तर दुपारी आप्पा टेबलाशी यायच्या आत ताट मांडलेलं असायचं. सुई टोचून अर्धा तास अन्नाची वाट बघत बसायची वेळ एकदाही आली नाही. जेवणघरात वाढायला गोव्याच्या साष्टीचा एक मुलगा होता. आप्पांना त्या ताटातलं फारसं जात नाही, हे बघून त्याने हळूच विचारलं, "पेज आणू का?" आणि खलाशांच्या भटारखान्यातून वाफाळती पेज आणि लोणच्याची फोड घेऊन आला. मुलगी म्हणून मी आप्पांच्या मागे इतकी वर्षं आहे. परक्या माणसांनी त्यांना इतकं पटकन ओळखलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा भाऊ बरोबर होता. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, आजारी मूल आहे, त्याला ही सेवा म्हणजे चैन नाही. तिच्यामुळे प्रवास शक्य होतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जी गोष्ट म्हाताऱ्याला लागतेच, ती जहाजावर सगळ्यात महाग का?

याचं उत्तर जहाजांच्या आकारात आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या आगबोटींत तीन वर्ग असत आणि एका वर्गाच्या माणसाला दुसऱ्याच्या डेकवर पाय ठेवता येत नसे. विमानांनी तो धंदा बुडवला. मग १९७०च्या दशकात मायामीहून निव्वळ मौजेच्या सफरी फोफावल्या, त्यांनी ही उतरंड जवळजवळ मोडून टाकली. खोली लहान-मोठी असेल, पण जेवणघर सगळ्यांचं, पोहण्याचा तलाव सगळ्यांचा, खुर्ची ज्याला मिळेल त्याची. कार्निव्हल कंपनीचं पहिलं जहाज 'मार्डी ग्रास' १९७२ साली निघालं, ते सुमारे २७ हजार टनांचं होतं. तेवढ्या जहाजावर खोली आवरणारा आणि टेबलावर वाढणारा तुम्हाला नावाने ओळखू शकत असे, कारण माणसंच तेवढी होती.

जानेवारी २०२४ मध्ये रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' निघालं. २ लाख ४८ हजार टनांच्या वर, २० डेक, एका खोलीत दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी, आणि २,३५० कर्मचारी. मोठं जहाज माणशी स्वस्त पडतं, म्हणूनच मध्यमवर्गाला ही सफर परवडू लागली, हे मला मान्य आहे आणि त्याचा आनंदही आहे. पण एवढ्या गर्दीत कुणी कुणाला ओळखणं संपतं. मग जे संपलं ते जहाजाच्या एका कोपऱ्यात कुंपण घालून पुन्हा उभं केलं गेलं. एमएससी कंपनीने २००८ साली 'फँटाझिया' या जहाजावर यॉट क्लब काढला: वेगळं जेवणघर, वेगळा तलाव, चोवीस तास कॉन्सिअर्ज, आणि कार्ड असल्याशिवाय न उघडणारी दारं. नॉर्वेजियनचं 'द हेवन', रॉयल कॅरिबियनच्या सगळ्यात महागड्या स्वीटवाल्यांना मिळणारा 'जीनी' नावाचा खास सेवक, ही सगळी त्याच वाटेची. जहाजातलं जहाज, असंच त्यांना म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी तिकिटाच्या पैशात मिळणारी आस्था आता तिकिटाच्या तिप्पट पैशात मिळते.

हे सगळं मला आकड्यांतून सुचलेलं नाही. ग्रँड केमन बेटावर डोळ्यांसमोर दिसलं. जॉर्जटाऊनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. एप्रिल २०२५ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी तो बांधायला नकारही दिला. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं लहान होड्यांतून किनाऱ्याला जातात. साध्या खोल्यांतल्या प्रवाशांनी नंबराचं तिकीट घ्यायचं आणि आपला नंबर पुकारेपर्यंत थांबायचं. कॉन्सिअर्जवाल्यांना थांबावं लागत नाही. आमची ती मनिलाची बाई आप्पांना मागच्या लिफ्टने खाली घेऊन गेली, थेट होडीच्या दाराशी. दोन खलाशी दंडाला धरायला पुढे आले, तेव्हा आप्पांनी त्यांना बाजूला सारलं. लहानपणी मालवणला बोट अशीच लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून ये-जा करायची. "पडावात बसूक माका शिकवू नकात," म्हणाले, आणि लाट वर आली तशी बरोबर पाऊल टाकून आत गेले. आम्ही सगळे हसलो, ते खलाशीही.

मग ते बसले आणि त्यांचं लक्ष उघड्या दारातून आत गेलं. दोरीच्या पलीकडे रांगेत एक बाई उभ्या होत्या. आप्पांच्याच वयाच्या, हातात चौपायी काठी, बरोबर नातवासारखा दिसणारा मुलगा. जवळ एकही खुर्ची रिकामी नव्हती. बाई एकदा काठीवर, एकदा मुलाच्या खांद्यावर भार टाकत होत्या. आमच्या होडीत निम्म्या जागा मोकळ्या होत्या. आप्पांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्येक कित्याक नाय?" भावाने त्यांना तिकिटांचं समजावून सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत. मी आमच्या कॉन्सिअर्ज बाईला विचारलं की त्या काठीवाल्या आजींना आमच्या होडीत घेता येईल का. तिने आपल्या वरिष्ठाकडे पाहिलं, त्याने नकारार्थी मान हलवली, आणि होडी सुटली.

तो वरिष्ठ दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. एकाला घेतलं तर दहा जण विचारतील, हा त्याचा हिशोब असणार. पण हिशोबच चुकीच्या जागी मांडला आहे. पहिल्या होडीत बसायला पैसे हा निकष असेल, तर धडधाकट माणूस पुढे जातो आणि काठीवालं माणूस मागे उभं राहतं. खास शॅम्पेन, मोठी गॅलरी, वेगळा तलाव पैशाने विका, माझं काही म्हणणं नाही. उभं राहण्यापासून सुटका, वेळेवर अन्न, विचारायला एक जिवंत माणूस, या गोष्टी त्या यादीत घालू नका.

कायद्याने यातलं थोडं मान्य केलेलं आहे. युरोपीय संघाचा सागरी प्रवाशांच्या हक्कांचा नियम डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. युरोपच्या बंदरातून निघणाऱ्या सफरीही त्यात येतात. अपंग किंवा नीट चालता न येणाऱ्या प्रवाशाने ४८ तास आधी कळवलं, तर बंदरात आणि जहाजावर मदत मिळालीच पाहिजे, आणि तीही फुकट. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला की परदेशी झेंड्याखालची जहाजंसुद्धा अमेरिकेच्या पाण्यात आली की तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा त्यांना लागू होतो. तो निकाल महत्त्वाचा, कारण यातली बहुतेक जहाजं बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे झेंडे लावून फिरतात. पण कायदा रुंद दारापर्यंत आणि उतारापर्यंत पोहोचतो. उजव्या कानाशी येऊन बोलणारं माणूस अजून कायद्याने कुणाला मिळालेलं नाही.

आणि ते माणूस कोणत्या किमतीवर तिथे उभं असतं, तेही बोललं पाहिजे. आमची मनिलाची बाई सकाळी सातला दालनात असायची आणि रात्री दहालाही दिसायची. मधे काही तास सुटी. आठवड्याची सुटी या धंद्यात नसते; सहा-आठ-नऊ महिन्यांचा करार आणि रोज काम. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात किमान विश्रांती ठरवली आहे ती चोवीस तासांत १० तास आणि आठवड्याला ७७ तास. आठवड्याचे उरतात ९१ तास, आणि ते सगळे कामाचे असू शकतात. प्रवाशाकडून रोजची बक्षिसी बिलातच कापली जाते, अनेक कंपन्यांत माणशी साधारण १६ ते २५ डॉलर, स्वीटवाल्यांना जास्त. कॉन्सिअर्जला वर वेगळं पाकीट द्यायचा रिवाज आहे. आम्ही दिलं. पण ज्याच्या पगाराचा मोठा भाग पाहुण्याच्या मर्जीवर आहे, त्याला थकलो म्हणायची सोय राहत नाही. ९१ तासांनंतरही कुणी म्हाताऱ्याचा उजवा कान लक्षात ठेवत असेल, तर तो त्या व्यक्तीचा चांगुलपणा आहे. कंपनी भाडं घेते ते त्याच्या जिवावर.

आपल्या किनाऱ्याला हे नवं नाही. गोव्याच्या किती घरांत बाप, काका, मुलगा अशा पिढ्या बोटीवर गेल्या. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांची मुक्कामाची घरं, उभे राहिले ते याच तारवटींसाठी, बोटीवर काम करणाऱ्यांसाठी. आणि ही माणसं नुसती वाढपी नसतात. जहाजावर कामाला चढणाऱ्या प्रत्येकाला बुडत्या जहाजातून सुटका, आग विझवणं, प्रथमोपचार यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. संकट आलं, तर प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं चढवून होडीपर्यंत न्यायचं कामही पेज आणणाऱ्या त्या साष्टीच्या मुलासारख्यांचंच. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटलं, त्यात ३२ माणसं गेली. सगळ्यात शेवटी सापडला तो मुंबईचा एक वेटर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जेनोआला जहाज मोडीत निघत असताना. त्या अपघातानंतर नियम बदलला. आधी जहाज सुटल्यावर चोवीस तासांत कवायत घेतली तरी चालायची. आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी ती घ्यावी लागते, आणि ती स्वीटवाल्यांना आणि खालच्या खोलीवाल्यांना सारखीच बंधनकारक असते. एका बाबतीत हे जमतं, म्हणजे ते जमण्यासारखं आहे.

मी हे आज लिहिते याचं कारण मुंबई आहे. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. वर्षाला १० लाख प्रवासी सामावण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'क्रूझ भारत मिशन'चं उद्दिष्ट २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचं आहे. गोव्याला, लक्षद्वीपला इथून सफरी जातात, आणि लक्षद्वीपला तर मोठी जहाजं बेटांपासून दूर नांगर टाकून होड्यांनीच माणसं उतरवतात. आपल्याकडे सफरीला जातात ती कुटुंबं, आणि कुटुंबात आजी-आजोबा असतातच. ग्रँड केमनची ती दोरी आपल्याकडे बांधली जायच्या आत बोलायला हवं.

म्हणून मुंबई बंदर प्राधिकरणाला मी या आठवड्यात पत्र पाठवते आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. सत्तरीच्या पुढच्या आणि चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला, तिकीट कुठलंही असो, होडीत आणि जहाजावर चढताना आधी घेण्याची अट तुम्ही कंपन्यांना घालणार का? अशा प्रवाशांसाठी प्रत्येक जहाजावर, ॲपशिवाय भेटता येईल असा, मराठी-हिंदी बोलणारा एक नेमलेला माणूस असावा, हे परवान्यात लिहिणार का? आणि त्या माणसाच्या कामाचे तास कोण तपासणार? विमानतळावर चालता न येणाऱ्याला व्हीलचेअर मोफत मिळते, तेव्हा बंदरावर यातलं काही अशक्य आहे असं मला वाटत नाही. वाचकांनी आपले अनुभव कळवावेत, विशेषतः ज्यांनी आई-वडिलांना साध्या खोलीतून नेलं आहे त्यांनी. प्राधिकरणाचं उत्तर आलं की ते याच जागी छापेन.