छप्पर काढले की वजन वाढते!

उघड्या टपाची मोटार म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो समुद्रकाठचा रस्ता, वाऱ्यावर उडणारा स्कार्फ आणि निवांत फेरफटका. अशी नाजूक गाडी शर्यतीत कोण उतरवणार? पण अमेरिकेतले काही हौशी लोक नेमके तेच करतात, आणि तेही ड्रॅग रेसिंगमध्ये!

ही शर्यत समजायला अगदी सोपी. सरळ पट्टा, दोन मोटारी आणि अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. हिरवा दिवा लागताच सुटायचे. ना वळण, ना चढ. कॅलिफोर्नियात सांता आना येथे १९५० साली विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती रीतसर भरू लागल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. भर रस्त्यावर जिवावर उदार होऊन गाड्या पळवणाऱ्या तरुणांना सुरक्षित जागा आणि नियम मिळावेत, हा त्यामागचा हेतू.

आता कोणालाही वाटेल, छप्पर नाही म्हणजे गाडी हलकी आणि हलकी म्हणजे वेगवान. प्रत्यक्षात उलटेच आहे. छप्पर केवळ ऊन-पाऊस अडवत नाही, ते गाडीचा सांगाडा ताठ ठेवते. बुटांचे खोके झाकण घट्ट लावून पिळून पाहा आणि मग झाकण काढून पिळा, फरक लगेच कळेल. म्हणूनच छप्पर काढले की कारखान्याला गाडीच्या तळाशी जादा पोलाद घालावे लागते. १९६५ सालची फोर्ड मस्टँग उघड्या टपाची घेतली, तर ती बंद गाडीपेक्षा सुमारे ८० किलोंनी जड भरत असे.

शर्यतीला मात्र तेवढे पोलादही पुरत नाही. गाडी सुटताना इंजिनाचा सारा जोर एकदम मागच्या चाकांवर येतो आणि सांगाडा पिळला जातो. त्यामुळे जाणकार आधी इंजिनाला हात लावत नाहीत. पुढचा आणि मागचा सांगाडा जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या ते आधी वेल्ड करतात. मग चालकाभोवती पोलादी नळ्यांची कमान किंवा पूर्ण पिंजरा येतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे रुंद, मऊ टायर यांची पाळी त्यानंतर.

कमानीबाबत असोसिएशन कडक आहे. जुन्या बनावटीची बंद गाडी पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापत असेल, तर कमान सक्तीची. उघड्या गाडीला हीच सक्ती १३.४९ सेकंदांपासून लागू होते. हौशी मंडळींना हा अन्याय वाटतो, कारण नळ्यांनी वजन आणखी वाढते आणि खर्चही. पण गाडी उलटली, तर बंद गाडीत डोके आणि जमीन यांच्यामध्ये निदान छप्पर असते. उघड्या गाडीत काहीच नसते.

शिवाय हे वजन वाया जात नाही. नीट वेल्ड केलेला पिंजरा सांगाड्याला छपराने दिला असता तो ताठपणा परत देतो. गाडी पिळत नाही, सरळ सुटते. म्हणजे जो पिंजरा जीव वाचवतो, तोच शर्यतीतही कामी येतो. इंजिनाची हौस मग सावकाश पुरवता येते.