उमेदवारीचे गुण कशाला?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शिकत असतानाच उमेदवारी करावी, हा आग्रह रास्तच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने तिला श्रेयांकही दिले : ३० तासांस एक. परंतु तास भरले म्हणजे ज्ञान झाले काय? सातपूर-अंबडच्या कारखान्यात नुसत्या पावत्या फायलीस लावणारा आणि त्याच पावत्यांवरून थकलेले येणे हुडकून काढणारा, या दोघांनाही प्रमाणपत्र एकाच मजकुराचे मिळते. शिवाय, फुकट लाभलेल्या मदतनिसास मालक नापास कशाला करील?

म्हणून गुण प्रमाणपत्रास नव्हे, समजुतीस द्यावेत. विद्यार्थ्याने रोजची नोंदवही ठेवावी व तिच्यावरच तोंडी परीक्षा व्हावी. हमाली-तोलाईच्या कपातीच्या वादावरून २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले होते. लासलगाव बाजार समितीत उमेदवारी केलेल्यास एवढेच विचारावे : शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून काय वजा होते, आणि तो भार कोणी सोसावा?

अशी परीक्षा घ्यायची तर प्राध्यापकासही बाजारात व कारखान्यात जावे लागेल. महाविद्यालयांनी वेळापत्रकात तेवढी सवड ठेवावी. नाहीतर उमेदवारी हा केवळ एक शिक्का उरेल आणि नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तो पुसला जाईल.