शस्त्र तिच्या हाती, खुर्ची त्याची

देहूरोडच्या डेपोंतील कामगाराला पदांची उतरंड समजावून सांगावी लागत नाही. शेजारच्या पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले. त्याच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, स्त्रीरोगतज्ज्ञ पुनीता अरोरा, आली ती २००४ साली! स्त्रियांत नेतृत्वच नव्हते म्हणावे, तर मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ समर्थपणे वाहिली. ते रुग्णालय स्त्री-डॉक्टरांसाठीच राखलेले होते, एवढाच फरक. बढतीच्या ऐन वर्षांत मूल आणि घर एकट्या स्त्रीच्या गळ्यात बांधायचे आणि मग शल्यविभागाच्या प्रमुखपदासाठी तिचा अनुभव अपुरा ठरवायचा, ही रीत कारखान्यातल्या स्त्री-कामगारालाही परिचयाची आहे. सरकारी रुग्णालयांत पाळणाघरे आणि बढतीचे जाहीर निकष, या मागण्या येथील कामगार संघटनांनीही आपल्या मागणीपत्रकात घ्याव्यात.