सायलेन्सरला दिलेले उसने श्रेय : डी लाइल कार्बाइन आणि आखूड नळीचा प्रश्न

#धागा

१/ युद्धेतिहासाच्या चाहत्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांची डी लाइल कार्बाइन विलक्षण मूक होती, ती तिच्या सायलेन्सरमुळे. आणि त्या सायलेन्सरपायी रायफलची नळी कापावी लागली, म्हणून ती दुबळी झाली. या विधानाचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध साफ चुकीचा. या धाग्यात त्याचे खंडन करायचे आहे.

२/ पहिला दोष खुद्द 'सायलेन्सर' या शब्दाचा. हे उपकरण बाजारात यशस्वी केले ते हायरम पर्सी मॅक्सिम यांनी. प्रसिद्ध मॅक्सिम मशीनगनच्या जनकाचे हे चिरंजीव. १९०९ साली त्यांना पेटंट मिळाले आणि 'मॅक्सिम सायलेन्सर' हे नाव जगभर पोहोचले. मोटारीच्या धुराड्याचा आवाज कमी करण्याच्या कामातही ते गुंतले होते. आपण आजही दुचाकीच्या त्या नळकांड्याला सायलेन्सरच म्हणतो, परंतु ते लावल्याने दुचाकी निःशब्द होते असे कोणी मानत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र आपण नावावर भाळतो.

३/ बंदुकीचा आवाज एक नसून तीन आहेत. पहिला, नळीच्या तोंडातून बाहेर उसळणाऱ्या तप्त वायूंचा स्फोट. दुसरा, ध्वनीहून वेगाने जाणारी गोळी हवा चिरत जाते तेव्हा चाबकासारखा होणारा कडकडाट. तिसरा, बंदुकीच्या यंत्रणेचा खडखडाट. सायलेन्सर यांपैकी केवळ पहिल्यावर उपाय करतो. वायूंना पसरायला आणि थंड व्हायला तो जागा देतो. नळी सोडून गेलेल्या गोळीवर त्याची सत्ता चालत नाही.

४/ आता आकडे पाहू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ब्रिटिश .३०३ रायफलची (आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दीर्घकाळ दिसलेली तीच 'थ्री-नॉट-थ्री') गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून अधिक. तिला जगातील सर्वोत्तम सायलेन्सर लावला तरी दुसरा आवाज जसाच्या तसा राहतो.

५/ विल्यम गॉडफ्रे डी लाइल हे ब्रिटनच्या विमान उत्पादन मंत्रालयातील अभियंता. त्यांनी आरंभ केला तो लहानशा .२२ रायफलपासून. पुढे ९ मिलिमीटरचे काडतूस आजमावून पाहिले गेले. ते समाधानकारक ठरले नाही, कारण त्याची गोळी ध्वनीहून वेगवान होती. अखेर निवड झाली ती अमेरिकी .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची. त्याची गोळी .३०३ च्या गोळीहून वजनदार, सुमारे १५ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला अवघा २५० मीटरच्या आसपास. दुसरा आवाज निर्माणच होत नाही, मग तो दडपण्याचा प्रश्न कुठला?

६/ येथेच नळीचा प्रश्न सुटतो. रायफलच्या काडतुसात दारू पुष्कळ असते. तिचा पूर्ण लाभ गोळीला मिळण्यासाठी लांब नळी लागते. पिस्तुलाच्या काडतुसातील थोडी दारू काही इंचांतच आपले काम उरकते. पुढची लांबी गोळीला फारसे काही देत नाही. म्हणून ली-एनफिल्डची .३०३ नळी कापली गेली हे म्हणणेच गैर आहे. ती काढूनच टाकली गेली आणि तिच्या जागी थॉम्प्सन सबमशीनगनच्या नळीपासून तयार केलेली, जेमतेम ७ इंचांची .४५ नळी बसवली गेली.

७/ मूळ रायफलची नळी सुमारे २५ इंच आणि एकूण लांबी ४४ इंचांहून अधिक. डी लाइल कार्बाइन भल्यामोठ्या सायलेन्सरसह सुमारे ३५ इंच. आखूड नळीने वाचवलेली जागा सायलेन्सरला मिळाली, तरी शस्त्र मूळ रायफलहून आटोपशीर राहिले. नळीचा बळी देऊन सायलेन्सर आलेला नाही. काडतूस ठरले, त्यावरून नळी ठरली आणि नळीने सायलेन्सरला जागा करून दिली. हा क्रम उलटा सांगणे म्हणजे कार्याला कारण म्हणणे होय.

८/ "आखूड नळीने बंदूक मूक होते, एवढाच याचा अर्थ," असे कोणी म्हणेल तर त्याने व्हिएतनाम युद्धाकडे पाहावे. अमेरिकेने एम-१६ ची २० इंची नळी १० इंचांपर्यंत कमी केली, पण काडतूस तेच वेगवान रायफलचे ठेवले. परिणाम काय झाला? तोंडाशी प्रचंड आवाज आणि डोळे दिपवणारी ज्वाळा. ती आवरण्यासाठी एक्सएम-१७७ च्या तोंडाशी खास 'मॉडरेटर' जोडावा लागला आणि पुढच्या आवृत्तीत नळी पुन्हा वाढवून साडेअकरा इंच करावी लागली. नळी दोन्हीकडे आखूडच; काडतूस निराळे, म्हणून फळही निराळे.

९/ याउलट १९८० च्या दशकात सोव्हिएत अभियंत्यांनी 'विंतोरेझ' आणि 'वाल' ही शस्त्रे घडवली, तेव्हा मार्ग डी लाइलचाच होता. ध्वनीहून मंद, सुमारे १६ ग्रॅमची जड ९ मिलिमीटर गोळी, २०० मिलिमीटरची नळी आणि तिच्याभोवती सायलेन्सर. देश वेगळा, दशके वेगळी, निर्णयांचा क्रम मात्र तोच.

१०/ तिसऱ्या आवाजाचे काय? डी लाइल कार्बाइनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागे. आधुनिक दृष्टीला हे मागासलेपण वाटते. वस्तुतः गोळी सुटताना एकही भाग आपोआप हलत नाही, आणि पुढचा खटका कधी वाजवायचा हे सैनिक स्वतः ठरवतो. ज्याला आपण उणीव म्हणतो तीच तेथे योजना होती.

११/ या निवडीची किंमत नव्हती असे नाही. मंद गोळीला १०० मीटर ओलांडायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली जवळपास पाऊण मीटर उतरते. .३०३ ची गोळी तेवढ्याच अंतरात सुमारे १० सेंटिमीटर उतरते. म्हणजे दूरचा नेम अवघड. पण ही किंमत मंद वेगाची आहे. डी लाइल कार्बाइनला २५ इंची नळी लावली असती तरी ती टळली नसती. मग दोष नळीच्या माथी का मारायचा? आणि ज्या शस्त्राने जवळच्या पहारेकऱ्याला गुपचूप टिपायचे, त्याला दूर पल्ल्याच्या कसोटीवर 'दुबळे' कशाच्या आधारे ठरवायचे?

१२/ हा वाद केवळ इंचांचा नाही. व्हिडिओ गेमने आपल्याला शस्त्र म्हणजे सुट्या भागांची यादी अशी सवय लावली आहे : सायलेन्सर जोडला की आवाज शून्य, नळी छाटली की पल्ला वजा. त्या चौकटीत दिसतो तो केवळ भाग. त्यामागचा प्रश्न आणि तो सोडवणारा माणूस अदृश्य होतात. अदृश्य होतो तो पहारेकरीसुद्धा, ज्याला काही ऐकू येऊ नये यासाठी हा सारा खटाटोप झाला. डी लाइल कार्बाइन जेमतेम सव्वाशेच्या घरात बनल्या. इतक्या अल्पसंख्य शस्त्राचे नाव आज टिकून आहे, त्याचे श्रेय त्या नळकांड्याला देऊन मोकळे होणे हा इतिहासाचा आळशी हिशेब आहे.

१३/ तेव्हा पुढच्या वेळी कोणी शस्त्राचे छायाचित्र टाकून "सायलेन्सर बघा!" असे म्हटले, तर त्याला आधी काडतूस विचारा, मग गोळीचा वेग आणि त्यानंतर नळीची लांबी. ही तीन उत्तरे हाती आल्याखेरीज सायलेन्सरविषयी मत बनवू नका.

धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडा, फक्त आकड्यांसह मांडा.