दोन हजारांचा ग्रंथपाल

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

महोदय,

वाचनालयांच्या अनुदानाची पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक आहे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे मोर्चे नागपूरच्या अधिवेशनावर कितीदा आले, निवेदने घेतली गेली, आश्वासने मिळाली. म्हणून आता विनंतीआधी हिशेब मांडते.

सर्वांत खालच्या ड वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे अनुदान 2012 पासून वर्षाला 30,000 रुपये होते. दहा वर्षे त्यात एक रुपयाची भर पडली नाही. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने 60 टक्के वाढ मंजूर केली आणि रक्कम 48,000 झाली. वाढीच्या बातम्या मोठ्या अक्षरांत छापून आल्या. आमच्या दर्यापूर भागातल्या खेड्यात ती वाढ कशी पोचते ते बघा. निम्मे अनुदान पगारावर, निम्मे बाकी सगळ्या खर्चावर. म्हणजे ग्रंथपालाला वर्षाला 24,000, महिन्याला 2,000 रुपये. वाढीच्या आधी हेच 1,250 होते. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. ग्रंथपालाचा महिन्याचा पगार साडेसहा दिवसांच्या मजुरीइतकाही भरत नाही. ‘हा पगार होय का खर्ची?’ असं गावातल्या एका कास्तकाराने विचारलं, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपल्याजवळ असेल तर ते जाहीरपणे द्या.

हा ग्रंथपाल नुसतं कुलूप उघडत नाही. दाखलनोंद, देवघेव, सभासदांची वर्गणी, वार्षिक अहवाल, तपासणीची कागदपत्रं सगळं त्याच्याच माथी. संध्याकाळी पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची पोरं येऊन बसतात, त्यांना जागा आणि पुस्तकं तोच देतो. कापूस वेचून आलेल्या बाया पोथ्या मागतात, त्याही तोच काढून देतो. एवढं काम घेऊन सरकार त्याला ना वेतनश्रेणी देतं, ना निवृत्तीनंतर काही.

उरलेल्या 24,000 मध्ये दैनिकं, मासिकं, वीजबिल, भाडं, बांधणी, लेखापरीक्षण. त्यानंतर जे राहील त्यात पुस्तकं. जाडशी मराठी कादंबरी आज चार-पाचशे रुपयांना पडते. व्याख्यान ठेवायचं, गावच्या म्हाताऱ्यांकडून जुनी गाणी नि आठवणी लिहून घ्यायच्या, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलांसाठी त्यांच्या भाषेतल्या गोष्टींचा कार्यक्रम करायचा, तर पैसा कोणत्या खात्यातून काढायचा? त्यात अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता अनेकदा मार्चअखेरीस. तोवर कार्यकारिणीतले लोक खिशातून भागवतात.

हे असं का, तेही स्पष्ट आहे. मद्रास प्रांताने 1948 च्या ग्रंथालय कायद्यातच ग्रंथालय कर ठेवला. आपल्या 1967 च्या कायद्यात तो नाही. त्यामुळे वाचनालयांचा पैसा दरसाल अर्थसंकल्पाच्या मर्जीवर राहिला. पगाराचा प्रश्न 1973 मध्ये प्रभा राव समितीने हाताळला, 2001 मध्ये व्यंकप्पा पत्की समितीने. प्रभाताई आमच्या विदर्भातल्याच. पहिल्या समितीला अर्धशतक उलटलं, दुसरीला पाव शतक. ज्यांच्यासाठी त्या नेमल्या त्यांतले कित्येक ग्रंथपाल आज हयात नाहीत.

2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावरची वाचनालयं सापडली, ती बंद व्हायलाच हवी होती. त्यात आमचं काही म्हणणं नाही. पण त्यानंतर दर्जावाढ वर्षानुवर्षं रोखून धरली गेली आणि प्रामाणिक वाचनालयांनाही तीच शिक्षा झाली. 2022 च्या वाढीनंतर गावातल्या क वर्ग वाचनालयाचं अनुदान 1,53,600 रुपये झालं, म्हणजे ड वर्गाच्या तिपटीहून जास्त. पुस्तकं वाढली, वाचक वाढले, तरी वर्ग मात्र ‘ड’. चुकारांचा दंड चोख काम करणाऱ्यांकडून वसूल करणं हा कुठला न्याय?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान 50 लाखांवरून 2 कोटी झालं. संमेलनाचा एक रुपयाही कापू नका. पण तीन दिवसांच्या त्या 2 कोटींत 416 ड वर्ग वाचनालयं वर्षभर चालतात, हे ध्यानात घ्या. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. विदर्भ साहित्य संघसुद्धा 1923 साली अमरावतीतच जन्मला. मात्र रिद्धपूरच्या विद्यापीठात उद्या जी पोरगी शिकायला जाईल, तिच्या हातात पहिलं अवांतर पुस्तक गावच्या वाचनालयानेच द्यायचं असतं. ते वाचनालय दोन हजारांच्या माणसावर उभं आहे. आपण पायाला उपाशी ठेवून कळस बांधता आहात, हा माझा थेट आरोप आहे.

मागणी एवढीच. ग्रंथपालाचं वेतन अनुदानातून वेगळं काढा, किमान वेतनाच्या दराने थेट त्याच्या बँक खात्यात जमा करा. उरलेलं अनुदान जून आणि डिसेंबरमध्ये, ठरल्या तारखेला द्या. निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक वाचनालयाला दरवर्षी दर्जावाढ मिळू द्या. व्याख्यानं आणि स्थानिक इतिहासाच्या नोंदींसाठी स्वतंत्र रक्कम ठेवा. आणखी समिती नेमू नका, आधीच्या दोन्ही समित्यांचे अहवाल आपल्याच विभागात आहेत. येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये यासाठी किती रुपये मागणार, तो आकडा सभागृहात सांगा.

आपली,
एका ड वर्ग वाचनालयाची कार्यवाह,
ता. दर्यापूर, जि. अमरावती