सज्जतेचे मोल

एखाद्या कंपनीचे दिवाळे निघाले म्हणजे लोक तिच्या चालकांच्या नावाने बोटे मोडतात आणि तीच पुन्हा सावरली म्हणजे त्यांच्याच जागी आलेल्यांच्या कर्तबगारीचे गोडवे गातात. परंतु समुद्रातील तेलक्षेत्रांवर माणसांची ने-आण करणाऱ्या ब्रिस्टो या हेलिकॉप्टर कंपनीने २०१९ च्या मे महिन्यात ह्यूस्टनच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल करून ऑक्टोबरअखेर त्यातून जी सुटका करून घेतली, आणि पुढील पाच-सहा वर्षांत आपल्या व्यवसायात जे अग्रस्थान मिळवले, त्या हकिकतीतून घ्यावयाचा बोध या निंदास्तुतीच्या पलीकडचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती कंपनी कशामुळे बुडाली आणि कशाच्या आधाराने तरली, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आढळते : अहोरात्र सज्ज राहण्याची सेवा ज्याला हवी असते, त्याने तिचे मोल मंदीच्या दिवसांतही दिले पाहिजे, आणि तो ते देत नसेल, तर सेवा देणाऱ्याचा ताळेबंद कितीही वेळा स्वच्छ केला तरी तो पुन्हा मळल्यावाचून राहणार नाही.

ब्रिटिश नौदलात वैमानिक असलेल्या अॅलन ब्रिस्टो यांनी १९५५ साली स्थापन केलेला हा उद्योग उत्तर समुद्रातील तेलाबरोबर वाढला, १९९६ साली लुइझियानातील ऑफशोर लॉजिस्टिक्स या कंपनीशी जोडला गेला आणि २००६ पासून त्या संयुक्त कंपनीनेच ब्रिस्टो हे नाव धारण केले. किनाऱ्यापासून दीडदोनशे मैल दूर, भर समुद्रात उभ्या असलेल्या फलाटांवर पाळीचे कामगार पोहोचवायचे आणि पाळी संपलेल्यांना परत आणायचे, हे वरवर पाहता साधे वाहतुकीचे काम होय. परंतु त्यासाठी लागणारे एकोणीस उतारूंचे एस-९२ सारखे यंत्र कोट्यवधी डॉलर किमतीचे असते, त्याचा वैमानिक घडवण्यास वर्षे लागतात, आणि ते यंत्र आकाशात असो वा हँगरमध्ये, त्याच्या देखभालीचा, विम्याचा आणि माणसांच्या पगाराचा खर्च थांबत नाही.

२०१४ च्या जून महिन्यात ब्रेंट तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरांच्या वर होता; तेलकंपन्या अधिकाधिक खोल पाण्यात उतरत होत्या आणि हेलिकॉप्टर कंपन्या मोठमोठी यंत्रे विकत वा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेत होत्या. २०१६ च्या जानेवारीत तो भाव ३० डॉलरांच्याही खाली घसरला, आणि तेव्हा या व्यवसायातील करारनाम्यांचा अंगभूत दोष उघडा पडला. तेलकंपनी दरमहा ठरावीक रक्कम आणि शिवाय उड्डाणाच्या तासांप्रमाणे आकार देते हे खरे. परंतु अनेक करारांत अल्प मुदतीची नोटीस देऊन संबंध करारच संपुष्टात आणण्याची मुभा तिला असते. उलट हेलिकॉप्टर कंपनीने यंत्रांच्या मालकांना आणि सावकारांना जे लिहून दिलेले असते, ते कित्येक वर्षांसाठी असते आणि त्याला अशी पळवाट नसते. दहा वर्षांच्या खंडाचा कबुलायतनामा स्वतः लिहून द्यावा आणि जमीन मात्र हंगाम संपण्याआधी उठून जाऊ शकेल अशा कुळाच्या हाती सोपवावी, तशातलाच हा प्रकार होता.

दोष एकट्या ब्रिस्टोचा असता, तर तो तिच्या चालकांच्या माथी मारून मोकळे होता आले असते. परंतु कॅनडात उदयास आलेली सीएचसी ही तिची तुल्यबळ स्पर्धक ५ मे २०१६ रोजी टेक्ससच्या न्यायालयात गेली; नॉर्वेतील टुरॉय बेटाजवळ तिच्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा उडून तेरा माणसे मृत्युमुखी पडल्याला तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. ती आपत्ती गिअरबॉक्समधील एका चक्राला गेलेल्या तड्यामुळे ओढवली, तर कर्जाचा डोंगर त्याच्या कितीतरी आधीपासून साचत आला होता. २०१८ च्या नोव्हेंबरात हेलिकॉप्टरे भाड्याने देणारी वेपॉइंट ही कंपनी त्याच वाटेने गेली. आणि १९४९ पासून मेक्सिकोच्या आखातात उडणाऱ्या पीएचआयने ५० कोटी डॉलरांच्या रोख्यांची मुदत भरण्यास एक दिवस उरला असताना, १४ मार्च २०१९ रोजी न्यायालयाचा आश्रय घेतला. तीन वर्षांत एकाच धंद्यातील अग्रगण्य कंपन्या एकामागून एक कोसळतात, तेव्हा विकृती व्यक्तीत नसून व्यवस्थेत आहे, असेच मानावे लागते.

ब्रिस्टोच्या चालकांचे प्रमाद मात्र झाकून ठेवण्याचे कारण नाही. तेजी संपण्याच्या सुमारास त्यांनी ब्रिटनमधील ईस्टर्न एअरवेज आणि ऑस्ट्रेलियातील एअरनॉर्थ या विमानकंपन्यांत पैसा गुंतवला. मंदी ओसरली नसताना, २०१८ च्या अखेरीस, ५६ कोटी डॉलरांना कोलंबिया हेलिकॉप्टर्स ही कंपनी घेण्याचा घाट घातला आणि तीन महिन्यांत तो सोडून दिला. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तर, तारणी कर्जांच्या व भाडेपट्ट्यांच्या दस्तऐवजांतील काही अटी पाळल्या जात आहेत की नाहीत हे पाहण्याची पुरेशी व्यवस्थाच आपल्याकडे नव्हती, अशी कबुली कंपनीला द्यावी लागली. ज्या संस्थेत यंत्राचा प्रत्येक सुटा भाग नोंदवहीत चढतो, तिथे स्वतः सही केलेल्या करारातील कलमांकडे दुर्लक्ष व्हावे, ही गोष्ट अक्षम्य होती.

अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाने ब्रिस्टोला जे दिले, त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. अर्ज दाखल होताच धनकोंचा वसुलीचा तगादा थांबतो, कारभार जुन्याच चालकांच्या हाती राहतो, नको असलेले भाडेपट्टे न्यायालयाच्या अनुमतीने सोडून देता येतात आणि कर्जाचे रूपांतर भागांत करता येते. ब्रिस्टोला या काळात १५ कोटी डॉलरांचे तातडीचे कर्ज मिळाले. पुढे तेही भागांत रूपांतरित झाले आणि नव्या वर्गणीसह एकूण ५३.५ कोटी डॉलरांचे भांडवल उभे राहिले. जुने रोखेधारक मालक झाले आणि जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही. यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. नफ्याच्या आशेने ज्यांनी पैसा घातला, त्यांनी तोट्याची जोखीमही पत्करलेली होती. परंतु या सगळ्या खटाटोपात केवळ गतकाळाचा हिशेब मिटला. उद्या तेलाचा भाव पुन्हा कोसळला तर काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यात नसते.

ते उत्तर ब्रिस्टोच्या दुसऱ्या एका मक्त्यात होते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शोध आणि बचावाचे काम, जे पूर्वी बव्हंशी हवाई दल आणि नौदल करीत असे, ते २०१३ साली सुमारे १६० कोटी पौंडांच्या कराराने या कंपनीकडे सोपवण्यात आले आणि २०१५ पासून दहा तळांवरून सुरू झाले. समुद्रात कोणी संकटात सापडो वा न सापडो, यंत्र आणि माणसे ठरलेल्या मिनिटांत आकाशात झेपावण्यास तयार असली पाहिजेत, यासाठी सरकार तिथे वर्षानुवर्षे पैसे मोजते. तेलाच्या भावाशी त्याचा संबंध नाही. या एका मक्त्याने दिवाळे टळले नाही, हे खरे. पण बाकीचा डोलारा ढासळत असता हा खांब उभा होता. सावरलेल्या कंपनीने तोच मार्ग विस्तारला. २०२० च्या जूनमध्ये ती ईरा या स्पर्धक कंपनीत विलीन झाली, परंतु नाव ब्रिस्टो हेच राहिले. २०२२ साली ब्रिटनचा बचावकार्याचा मक्ता तिला नव्याने मिळाला, नेदरलँड्सचे काम आले आणि २०२३ साली आयर्लंडच्या तटरक्षक सेवेचा मक्ता सीएचसीकडून तिच्याकडे आला. आज तिच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाव हिस्सा सरकारी सेवांतून येतो, आणि जिच्या जुन्या भागधारकांचे सर्वस्व बुडाले होते, त्या कंपनीने २०२५ च्या आरंभी नव्या भागधारकांना लाभांश देण्याचा संकल्प जाहीर केला.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, तेलकंपनी ही काही धर्मादाय संस्था नव्हे; तिने दुसऱ्याच्या व्यापाराची जोखीम का उचलावी? परंतु जोखीम कोणाची, हेच येथे विचारात घेतले पाहिजे. हेलिकॉप्टर कंपनी डबघाईला आली म्हणून फलाटावरील माणसांची गरज संपत नाही. वादळ येणार असेल, कोणाच्या छातीत कळ येत असेल, तर तेच यंत्र हवे असते. मंदीत दर पिळून घेतल्याचा परिणाम असा झाला की, कोणी नवी मोठी यंत्रे मागवीना आणि पुढे मागणी वाढली तेव्हा एस-९२ च्या सुट्या भागांचाच तुटवडा पडला. तेलकंपन्यांना पूर्वी वाचवलेला पैसा वाढीव दरांच्या रूपाने व्याजासकट परत द्यावा लागला.

ही गोष्ट मुंबईपासून दूरची नव्हे. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरे जातात, आणि पवन हंस ही सरकारी कंपनी १९८५ साली मुख्यतः याच कामासाठी स्थापन झाली. तिचे एकोणपन्नास टक्के भाग ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीकडे आहेत. सरकारचा एकावन्न टक्के हिस्सा विकण्याचे प्रयत्न वारंवार झाले आणि २०२२ साली २११ कोटी रुपयांना ठरलेला व्यवहार पुढल्या वर्षी रद्द झाला. जुहू ते मुंबई हाय याच मार्गावरील अपघातांत २०१८ च्या जानेवारीत सात जणांचा आणि २०२२ च्या जूनमध्ये चौघांचा बळी गेला. त्या अपघातांची कारणे पैशात शोधण्याचा माझा हेतू नाही. परंतु आपल्या सरकारी निविदापद्धतीत, तांत्रिक अटी पुऱ्या करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर देणाऱ्यास मक्ता, हाच मूलमंत्र असल्यामुळे, सज्जता हीच चढाओढीत कापता येण्याजोगी बाब ठरण्याचा धोका तिथे कायम आहे.

तेव्हा पवन हंस सरकारकडे राहो वा खाजगी हाती जावो, समुद्रावरील उड्डाणांचा मक्ता देताना तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे : मक्त्याची मुदत यंत्राच्या भाडेपट्ट्याच्या मुदतीशी जुळती असावी, मुदतीपूर्वी करार मोडणाऱ्याने उरलेल्या काळाची भरपाई द्यावी, आणि प्रशिक्षण, देखभाल व आणीबाणीची तयारी यांचा खर्च चढाओढीबाहेर ठेवून स्वतंत्रपणे द्यावा. याने तेल काढण्याचा खर्च थोडा वाढेल. पण तो वाढीव खर्च उघड्यावर आणि वेळेवर द्यावा, की न्यायालयाच्या दारात आणि माणसांच्या जिवावर उशिराने द्यावा, एवढीच निवड आपल्या हाती आहे, आणि तेल खात्याच्या अधिकाऱ्यांनी ती पुढील निविदा निघण्यापूर्वी केली पाहिजे.